एक बराक, अनेक बिऱ्हाडं

गाडी कल्याण सोडते आणि खिडकीबाहेरचे दिवे संपतात. साल 1948, फेब्रुवारी महिना. याच रुळांवरून तुम्ही रोज बदलापूर लोकलने उभ्याने जाता, दोन्ही बाजूंच्या इमारती तुम्हाला पाठ आहेत. आत्ता मात्र नुसता काळोख आहे, भातखाचरांची वाळलेली ढेकळं आहेत आणि मधूनच वालधुनी नदीच्या पाण्याचा वास येतो. नाक दाबायला लावणारा नाही, नुसता पाण्याचा.

डब्यात कुणी झोपलेलं नाही. ही माणसं कराचीहून बोटीने मुंबईच्या गोदीत उतरली आणि तिथून इकडे निघाली. फाळणी होऊनही हे लोक पाचएक महिने सिंधमध्ये तग धरून होते. निवळेल, थोडं थांबू, असं म्हणत होते. 6 जानेवारीला कराचीत दंगल झाली आणि घरंच्या घरं बंदराकडे निघाली. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर रेशमी कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड आहे. दागिने असतील, असं तुम्ही धरून चालता. तो गुरू ग्रंथ साहिब आहे. कित्येक हिंदू सिंध्यांच्या घरात नानकांची वाणी वाचली जाते, हे इतकी वर्षं त्यांच्याकडून कपाटं, पलंग आणि जीन्स घेऊनही तुम्हाला ठाऊक नव्हतं.

उतरल्यावर यादी. नाव, गाव, माणसं किती, आणि शेवटी एक आकडा. तो आकडा म्हणजे तुमची बराक. कंदिलाच्या मागोमाग तुम्ही तिथे पोचता. लांबच लांब, उतरत्या छपराची शेड. मधे मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. शिपायांच्या खाटा ओळीने लागाव्यात म्हणून बांधलेला हॉल. आता त्यात कुटुंबं आहेत. एका बिऱ्हाडाची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते दोरीवरचं गोणपाट सांगतं. कुठे चादर, कुठे साडी. खोकला कुणाचा, हुंदका कुणाचा, नवरा-बायकोत कशावरून धुसफुस चाललीय, सगळं सगळ्यांना ऐकू येतं. नुकतं लग्न झालेलं एक जोडपं दोन गोणपाटांच्या मधे हलतसुद्धा नाही.

"अचु पुट, वेहु," एक म्हातारी तुम्हाला म्हणते. ये बाळा, बस. तुम्ही मराठीत काहीतरी पुटपुटता. तिला ते कळत नाही, पण ती चटईवर सरकून जागा करते. तिच्या डाव्या हाताच्या गोणपाटापलीकडे हैदराबादचे एक हेडमास्तर आहेत. हे हैदराबाद सिंधमधलं. तुमच्या ओळखीचं ते नव्हे. हेडमास्तर आमिल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकऱ्या, वकिली, शिक्षण यांत असलेल्या घरातले. उजव्या हाताला भाईबंद, म्हणजे व्यापारी. तिकडे आमिलांनी भाईबंदांच्या घरात मुलगी देताना दहा वेळा विचार केला असता. इथे दोघांमध्ये गव्हाचं एक रिकामं पोतं आहे, आणि सकाळी संडासाच्या रांगेत दोघांच्या हातात सारखंच टमरेल.

सकाळ झाल्यावर तुम्ही बाहेर येता आणि पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं दिसतं. दूर दक्षिणेला मलंगगड. त्याचा तो सरळ कापल्यासारखा कडा जसाच्या तसा. बाकी सगळीकडे बराकीच बराकी, मधे रानगवत, तुटकी तारेची कुंपणं. नळावर रांग, रेशनला रांग, दवाखान्यात रांग. सुमारे एक लाख माणसं कल्याण कॅम्पच्या या पाच छावण्यांत येऊन पडली आहेत. मुलं मात्र मजेत आहेत. त्यांना एवढं मोठं मैदान कराचीत कुठून मिळणार?

बराकीच्या भिंतीला पाठ टेका. काळ्या रंगात रंगवलेला इंग्रजी आकडा चुन्याखालून अजून दिसतोय. त्या आकड्यावर हात ठेवलात की पाच वर्षं मागे.

1943. हीच भिंत, पण कोरी. आतून गनऑइलचा, ओल्या बुटांचा आणि कँटीनच्या चहाचा वास. जपानी सैन्य ब्रह्मदेशात आहे. मुंबई बंदरात उतरलेला शिपाई पूर्वेकडे रवाना होईपर्यंत ठेवायचा कुठे? कल्याणला नाशिकचा आणि पुण्याचा असे दोन्ही मार्ग फुटतात, बंदर जवळ, जमीन सपाट, उल्हास नदीचं पाणी हाताशी. म्हणून ही लष्करी ट्रान्झिट छावणी. 2,126 बराकी, वर 1,173 क्वार्टर्स. सहा हजार सैनिक आणि तीसेक हजार इतर माणसं राहतील एवढा पसारा. ट्रान्झिट म्हणजे इथे कुणी राहायला आलेलंच नाही. कुणाच्याही आठवणींसाठी हे बांधलेलं नाही. लढाई संपेपर्यंत टिकलं तरी पुष्कळ, असा हिशेब.

याच युद्धासाठी पलीकडे, मलंगगडाच्या वाटेवरच्या नेवाळीला विमानांची धावपट्टी झाली आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. युद्ध संपल्यावर परत मिळतील असं ते धरून बसले. जून 2017 मध्ये त्याच जमिनींवरून नेवाळीत रस्ते अडले, गाड्या पेटल्या. टीव्हीवर ते बघताना तुम्ही वैतागला होता, कारण तुमचा रस्ता बंद होता. उद्या इथे कुणी छावणीचं संग्रहालय करायला निघालं, तर सुरुवात निर्वासितांपासून होईल आणि ज्यांच्या बांधांवर हे सगळं युद्ध येऊन बसलं ते आगरी-कोळी शेतकरी एका ओळीत उरकले जातील, अशी मला भीती आहे.

पुन्हा पुढे या. 8 ऑगस्ट 1949. पावसाळ्याचे दिवस. गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले आहेत, कोनशिला बसते, आणि कल्याण कॅम्पचं नाव उल्हास नदीवरून उल्हासनगर होतं. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या तुम्हाला शेजारचा माणूस कोपराने ढोसून विचारतो की नावाबरोबर नळ किती मिळणार. हा 8 ऑगस्ट शहर अजून वर्धापन दिन म्हणून पाळतं. त्या एका दिवसाचा दगड जपला जातो आणि ज्या इमारतींमुळे तो दिवस आला त्यांतली एकेक बराक दरवर्षी जमीनदोस्त होते, याचं कुणाला काही वाटत नाही.

आता तुम्ही पुन्हा त्याच हॉलमध्ये आहात, पण गोणपाट गेलं आहे. त्या जागी विटांची, अर्धवट उंचीची भिंत. 1954 च्या कायद्याने विस्थापितांना भरपाई ठरली. मागे राहिलेल्या घराचा, दुकानाचा, जमिनीचा दावा तपासला जातो आणि त्याच्या बदल्यात इथली जागा नावावर करून घेता येते. म्हणजे म्हातारीच्या वाट्याला जी खोली आली ती दान नाही. शिकारपूरच्या दुमजली घराचं ते कापून-छाटून हातात आलेलं मोल आहे. खोलीच्या दारात ती पापड वाळत घालते. नातू सकाळी गोळ्या-बिस्किटांचा डबा घेऊन लोकलमध्ये चढतो आणि व्हीटीपर्यंत विकत जातो. तुमचे आजोबा त्या वेळी अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला जात असतील, तर त्यांनी त्याच्याकडून आण्याच्या गोळ्या घेतल्या असतील, आणि "हे सिंधी लोक गाडीत शिरून जागा अडवतात" असंही म्हटलं असेल. दोन्ही खरं.

या मुक्कामात आणखी एक जागा बघून यायला हवी, आणि ती महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरजवळचं वळिवडे. 1943 ते 1948 इथल्या बराकींमध्ये सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उचलून सायबेरियाच्या श्रमछावण्यांकडे नेलं होतं. तिथून सुटून, इराणमार्गे, ती करवीर संस्थानात पोचली. शाळा, चर्च, नाटकं, सगळं तिथे उभं राहिलं. ती गेली आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले. त्याचं आज झालं आहे गांधीनगर, जिथून अर्ध्या दक्षिण महाराष्ट्रात कापड जातं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, 2019 मध्ये वळिवड्यालाही स्मारक झालं आणि पोलंडहून म्हातारी झालेली ती मुलं तिथे येऊन रडली. त्याच भिंतींच्या आत त्यांच्यानंतर ज्यांनी संसार मांडले त्यांच्यासाठी काय? जे निघून जातात त्यांचं स्मारक होतं. जे राहतात त्यांना घरपट्टीचं बिल येतं.

हे केवळ आपल्याकडेच होतं असं नाही. चला, आणखी एक दार उघडा. जर्मनीतलं म्युनिकजवळचं डाखाऊ, 1960 च्या आसपास. तुम्हाला अपेक्षा असते ती भयाण शांततेची. प्रत्यक्षात बराकीसमोर दोरीवर कपडे वाळताहेत, आतून बटाट्याच्या सारासारखा वास येतोय, मुलं सायकली फिरवताहेत. दुकान आहे, शाळा आहे. 1933 च्या मार्चमध्ये नाझींनी इथे छळछावणी उघडली. दोन लाखांहून जास्त माणसं इथे डांबली गेली आणि एकेचाळीस हजारांहून अधिक मेली. 1945 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्याने ती सोडवली. तीन वर्षांनी, 1948 मध्ये, म्हणजे बरोबर आपली म्हातारी कल्याण कॅम्पात चटई अंथरत होती तेव्हा, बव्हेरियाच्या सरकारने त्याच बराकी चेकोस्लोव्हाकियातून हाकललेल्या जर्मन निर्वासितांना राहायला दिल्या. त्यांनीही भिंती घातल्या, चुली मांडल्या.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. डाखाऊ आणि कल्याण कॅम्प यांची तुलना होऊ शकत नाही. एक माणसं मारायला चालवलेली छावणी, दुसरी शिपाई ठेवायला आणि नंतर बेघरांना छप्पर द्यायला वापरलेली. साम्य आहे ते फक्त पुढच्या प्रश्नात: ज्या बराकीत माणसं राहताहेत तिचं स्मारक कसं करायचं?

डाखाऊने दिलेलं उत्तर तुम्ही उभे राहून बघता. वाचलेल्या कैद्यांची संघटना 1955 पासून मागे लागली होती. आपल्या मित्रांच्या राखेवर लोकांनी कपडे वाळत घालावेत हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि का व्हावं? निर्वासितांना दुसरीकडे घरं दिली गेली. मग जीर्ण झालेल्या बराकी सगळ्याच्या सगळ्या पाडल्या. 1965 मध्ये स्मारक उघडलं. दोन बराकी नव्याने बांधल्या, जुन्यासारख्या. बाकीच्यांच्या जागी जमिनीवर नुसत्या चौथऱ्यांच्या खुणा. आज तिथे जाणारा मनुष्य जी बराक बघतो तिच्यात एकही कैदी कधी झोपलेला नाही. आणि ज्या निर्वासितांनी पंधराएक वर्षं तिथे संसार केला त्यांचा तर मागमूससुद्धा शोधावा लागतो. ऑश्विट्झचं तसं झालं नाही: 1947 मध्ये पोलंडच्या संसदेने कायदा करून ती जागा राखली आणि तिथल्या पहिल्या रखवालदारांत स्वतः सुटलेले कैदी होते. तरी तिथल्याच बिर्केनाऊच्या लाकडी बराकींपैकी पुष्कळशा युद्धानंतर उखडून बांधकामाला नेल्या गेल्याच. उद्ध्वस्त देशाला लाकूड हवं होतं. भूतकाळ जपायचा की डोक्यावर छप्पर घालायचं, असं विचारल्यावर कुठलाही माणूस आधी छप्पर घालणार.

म्हणून उल्हासनगरच्या लोकांनी बराकी तोडल्या याचा मला राग येत नाही. तोडल्या म्हणून तर ते जगले.

2005 मध्ये या. 26 जुलै, वालधुनी आणि उल्हास दोन्ही फुगलेल्या, बराकीच्या उंबऱ्यातून पाणी आत. या वर्षांत शहराच्या डोक्यावर आणखी एक पाणी आहे: उच्च न्यायालयाने 855 बेकायदा बांधकामं पाडायला सांगितली आहेत. एका बराकीच्या जागी चार मजले, कुणाच्या नावावर काय ते कुणालाच धड माहीत नाही, नकाशे नाहीत. हातोडे सुरू होतात, लोक रस्त्यावर येतात, आणि 2006 मध्ये राज्य सरकार खास या एका शहरासाठी, दंड भरून बांधकामं नियमित करण्याचा कायदा करतं. ज्यांनी एकदा घर सोडलंय त्यांना दुसऱ्यांदा सोडायला सांगणं राजकारण्यांना परवडलं नाही. ते बरोबर झालं की चूक, यावर दोन तास वाद घालता येईल.

मे 2021. पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळतात, माणसं दगावतात. 1990 च्या दशकात वाळू मिळेना म्हणून उलवा रेती वापरली, असं सगळं शहर सांगतं. दगडाची पूड, पकड नसलेली. धोकादायक ठरलेल्या इमारतींमधली बिऱ्हाडं रातोरात बाहेर. आणि तुम्ही ज्या बराकीत उभे आहात तिची 1943 ची भिंत, ठेकेदाराने लढाईपुरती बांधलेली, ठोकून बघितलीत तर अजून टणक आहे. हे लिहिताना हसू येतं खरं.

आणि आता आजचा दिवस. बराकीच्या दोन्ही अंगांना सात-सात मजले. मधे हे उतरतं छप्पर. एका टोकाला फर्निचरवाल्याचं गोदाम, मधल्या खोल्यांत शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला त्या म्हातारीचा पणतू. बिल्डरशी बोलणी जवळजवळ पक्की झालीत. तुम्ही अजून 1948 मधून पुरते बाहेर आलेला नाहीत, त्यामुळे तुम्ही बोलून जाता: ही एक तरी ठेवा. संग्रहालय करा.

तो तुम्हाला खुर्ची देतो आणि ऐकतो. तुम्ही सांगता की अमृतसरला 2017 मध्ये फाळणीचं संग्रहालय झालं, 2023 मध्ये दिल्लीला दारा शुकोह ग्रंथालयाच्या इमारतीत दुसरं झालं. कच्छमध्ये आदिपूरला सिंधी भाषा-संस्कृतीची संस्था आहे. पण टाउन हॉल किंवा राजपुत्राचं ग्रंथालय वेगळं. जिथे माणसं खरोखर गोणपाटं लावून राहिली ती जागा इथे आहे, आणि अजून उभी आहे. डाखाऊसारखं करू नका, असंही तुम्ही सांगता. सगळं खरवडून 1948 पर्यंत मागे नेऊ नका. एका खोलीत शिपायाची खाट आणि तो काळा आकडा, दुसरीत गोणपाटं, तिसरीत पापड आणि भरपाईचे कागद, चौथीत हे शिलाई मशीन चालू, खऱ्या कामगारासकट, त्याच्या पगारासकट. पाचवीत वालधुनीचा निळा झालेला नमुना, जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचा. तेही आपलंच. आणि दाराशी, सगळ्यात आधी, 1943 पूर्वीचा गावनकाशा आणि सातबारा.

"सरकार देईल का?" तो विचारतो.

तुम्ही अडखळता. तीन-चार किलोमीटरवर अंबरनाथचं शिवमंदिर आहे, शिलाहारांचं, 1060 सालचा शिलालेख असलेलं. त्याला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. केंद्राच्या 1958 च्या कायद्याला मात्र किमान शंभर वर्षांची वास्तू लागते. ही बराक तिथे पोचायला 2040 चं दशक उजाडेल. तोवर ती नसेल. पण महापालिकेला स्वतःची वारसा यादी करायला शंभर वर्षं थांबावं लागत नाही. मुंबईत अशी यादी 1990 च्या दशकापासून आहे, आणि इमारत जपणाऱ्या मालकाला बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता-विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची सोयही.

त्या शब्दासरशी पणतू सरळ बसतो. शिलाई मशीनवाल्याला आवाज बंद करायला सांगतो. टेबलाच्या खणातून कॅल्क्युलेटर काढतो, जागेची मोजमापं घालतो, बिल्डरने देऊ केलेले दोन फ्लॅट आणि एक गाळा त्यातून वजा करतो, आणि तुमच्यासाठी चहा सांगता सांगता म्हणतो, "काका, संग्रहालयाला माझी ना नाही. पण गाळा रोडवर पाहिजे. आणि पणजीच्या खोलीचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला. बोला."